वखारीचं जोतं

मागच्या दोन रविवारी मी एक वखार पाडली. ती माझ्या खापरपणजीनं बांधली होती.

बांधली म्हणजे मालकीची नव्हती. मालक दुसरे. गवंडी दुसरे. दगड फोडणारे वडार दुसरे. तिनं पाणी वाहिलं, चुना वाहिला, मुरूम वाहिला. पण शाळेच्या पुस्तकात शनिवारवाडा बाजीरावानं बांधला असं आपण पाठ करतोच की. बाजीरावानं काय पाट्या उचलल्या होत्या? मग माझ्या खापरपणजीनं वखार बांधली असं मी लिहिलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नाही.

मी हडपसरच्या बाजूला एका पिठाच्या मिलमध्ये कामाला आहे. वय सव्वीस. शाळा नववीपर्यंत. पुढचं जे काय वाचलं ते मिलच्या गेटबाहेर, रात्रपाळीच्या मधल्या सुट्टीत. आमच्या मिलमध्ये पन्नास किलोचा कट्टा खांद्यावर यायच्या आत मान आपोआप वाकडी होते. मी घरी झोपलो तरी माझी मान कट्ट्यासाठी जागा करून ठेवते, असं आमची आजी म्हणते.

ठेकेदाराचा मुकादम एक दिवस म्हणाला, "मांजरीत नदीकाठची जुनी वखार उतरवायचीय. जागा बिल्डरनं घेतलीय. दगड फुटता कामा नये. रोज सातशे. येतो का?" दगड का फुटायचा नाही, तर तो फार्महाऊसच्या गेटला जातो. जुना काळा घडीव दगड आता नगावर विकला जातो.

मी हो म्हणालो. घरी येऊन आजीला सांगितलं. ती तांदूळ निवडत होती. हात थांबला नाही तिचा. म्हणाली, "जा. पैका घे. पन नीट बघ. तू वरनं खाली येशील. म्हातारी खालनं वर गेली व्हती."

म्हातारी म्हणजे आजीची आजेसासू. माझी खापरपणजी. आजी लग्न होऊन आली तेव्हा म्हातारी जिवंत होती, सत्तरीची. त्यामुळं हे मी सांगतो ते तिसऱ्या तोंडचं नाही. तिनं आजीला सांगितलं, आजीनं मला.

आधी गाव सांगतो. मांजरी दोन. बुद्रुक मुळा-मुठेच्या दक्षिण काठाला, खुर्द पलीकडं उत्तरेला. नदी पूर्वेला वाहते आणि आमची वस्ती गावाच्या पूर्वेला. म्हणजे गावाचं वापरलेलं पाणी आमच्या दारातनं पुढं जायचं. आमचं पाणी गावाकडं जायची सोयच नाही. हे आपोआप झालं असं ज्याला वाटतं त्यानं महाराष्ट्रातली दहा गावं फिरून महारवाडे कुठल्या दिशेला आहेत ते बघावं.

खडकवासल्याचं धरण १८७९ च्या सुमारास पुरं झालं. उजव्या कालव्याचं पाणी या पट्ट्यात आलं. रेल्वे तर १८५८ सालीच पुण्याच्या पुढं पूर्वेला निघाली होती. ऊस आला, गुऱ्हाळं आली. विसाव्या शतकाच्या सुरवातीला मांजरीत सरकारचं उसाचं प्रयोग-शेत होतं. १९७५ साली निघालेली साखरेची संशोधन संस्था, आजची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट, तीही इथंच. मांजरीच्या गोडव्याचा इतिहास लिहिणारे पुष्कळ आहेत. मी ज्वारीचा लिहितो.

पाणी आणि रूळ आले तेव्हा धान्याचा स्वभाव बदलला. आधी दाणा गावात राहायचा, कारण बाहेर न्यायला बैलगाडी सोडून वाट नव्हती. घरात कणगी, भिंतीत बळद, जमिनीत पेव. पेव म्हणजे खोल खड्डा, तोंड बारीक, पोट मोठं. बंद पेवातली हवा माणूस मारते. उघडल्यावर आत दिवा सोडायचा, विझला तर उतरायचं नाही, अशी रीत. आजी म्हणते, "दिवा कशाला? आमच्यातला एक उतरवायचे." तळाचं काळं पडलेलं, कुबट धान्य आमच्या हक्काचं. हक्क शब्द बघा कुठं वापरलाय.

पण नदीकाठाला पेव चालत नाही. पाणी झिरपतं, दाण्याला मोड येतात. म्हणून जमिनीच्या वर वखार हवी. आणि वखार नदीकाठालाच का? वाळू तिथं, पाणी तिथं, आणि पलीकडच्या काठाचं धान्य उतारावरनं आणायला सोपं. शिवाय आता दाणा थांबवून ठेवण्यात पैसा होता. खळ्यावर ज्वारी स्वस्त, आषाढात महाग. मधले सहा-सात महिने जो थांबेल तो जिंकला. थांबायला काय लागतं? भरलेलं पोट आणि जाड भिंत. पोट मालकाचं होतं. भिंत आम्ही बांधून दिली.

साल कुठलं, तर म्हातारी सांगायची, "राजा दिल्लीला आला व्हता त्या साली." म्हणजे १९११.

पहिल्या रविवारी आम्ही सहाजण छपरावर चढलो. वर पन्हाळी पत्रे होते, ते नंतरचे. खाली दोन-चार मंगळुरी कौलं अडकून राहिली होती, ती मूळची. कौलाखाली सागाचे वासे. इतक्या वर्षांत वाळवी लागलेली नाही. भिंतीच्या वरच्या अंगाला, अगदी छपराखाली, वीतभर झरोके. लोखंडी गज. झरोक्याचा तळ बाहेरच्या बाजूला उतरता, म्हणजे पाऊस आत येत नाही आणि धान्याची ऊब वरनं निघून जाते. खाली एकसुद्धा खिडकी नाही. दार एकच. मी तिथं बसून तंबाखू मळताना विचार केला, ज्यानं हे योजलं त्याला धान्याला श्वास लागतो हे माहीत होतं. आमच्या घरांना त्या काळात खिडकी नव्हती. ज्वारीला झरोका होता.

मग भिंत. जाडी दोन हात. आतनं-बाहेरनं घडीव काळा दगड, मध्ये बारीक दगड आणि चुन्याचं भरण. ठरावीक अंतरावर एकेक लांब दगड आरपार, दोन्ही अंगं धरून ठेवणारा. हा लांब दगड निघायला सगळ्यात जड. पहारीनं, पाचरीनं, मग दोघातिघांच्या जोरानं. दगड निघतो पण चुना सोडत नाही. सिमेंट ठोकलं की कपच्या उडतात. हा चुना घट्ट गुळाच्या ढेपेसारखा. बिहारचा एक पोरगा आमच्यात होता, तो म्हणाला, "इसमें क्या डाला है यार?"

काय टाकलंय ते मला माहीत होतं. चुनखडी भट्टीत भाजायची, विझवायची, मग घाणीत दळायची. घाणी म्हणजे गोल चर, त्यात फिरणारं दगडाचं चाक, जुंपलेले बैल. चुना, वाळू आणि पाणी. चुना जितका दळावा तितका चिवट. त्यात हिरडा भिजवलेलं पाणी आणि गुळाचं पाणी. गूळ मांजरीचाच. म्हातारीच्या कडेवर तेव्हा पोर होतं. गुळाच्या पाण्याची घागर तिच्या डोक्यावर आणि पोर रडतंय. गवंडी नजर ठेवून. बोट बुडवलं तर मजुरी कापायचे. म्हातारी म्हणायची, "भिंतीनं गूळ खाल्ला. माज्या लेकानं न्हाई."

पाण्याचंही ऐका. नदीचं पाणी तिच्या घागरीतनं चुन्यात जायचं, त्याला हरकत नव्हती. तिच्या घागरीतलं पाणी गवंड्यानं प्यायला मात्र हरकत होती. कुणीतरी विचारलं तेव्हा मिस्त्री म्हणाला होता, "चुन्यात विटाळ जळतो." असं शास्त्र. काम असलं की जळतो, तहान असली की जळत नाही. महाडच्या तळ्याचं पाणी बाबासाहेब १९२७ साली प्याले. त्याच्या सोळा वर्षं आधी माझ्या खापरपणजीनं एका भिंतीला हजार घागरी पाणी पाजलं होतं आणि स्वतः नदीवर खालच्या अंगाला जाऊन प्याली होती.

दाण्याचंही शास्त्र तसंच. कोरडा दाणा बाटत नाही. म्हणून कापणी आमची, खळं आमचं, पोती वाहणं आमचं. दाण्याला पाणी लागून त्याची भाकरी झाली की मग बाटतो. मी मिलमध्ये उभा असतो तेव्हा मला हे आठवतं. गहू येतो, चाळतो, आम्ही त्याला पाणी मारून भिजत ठेवतो, म्हणजे कोंडा सुटून येतो. मग रोलर, मग चाळण्या, मग मैदा, रवा, आटा वेगळे. म्हणजे ओला दाणासुद्धा आता माझ्या हाताखालनं जातो आणि सगळ्या आळ्यांत, सगळ्या पेठांत खाल्ला जातो. पिशवीवर शेताचं चित्र असतं. माझं नसतं. म्हणून चालतं.

म्हातारीचा नवरा त्या साली घरी नव्हता. मुंबईला बंदराच्या कामावर गेला होता. तिथं तेव्हा माझगाव ते शिवडी समुद्रात भराव टाकत होते. १९१२ साली तो पुरा झाला, ५८३ एकर नवी जमीन. त्या भरावावर पुढं धान्याचा डेपो झाला, कापसाचा झाला. मुंबईला वखारींसाठी नवी जमीन लागली त्यामागं व्यापार होता, आणि प्लेगची दहशतही होती. १८९६ च्या सप्टेंबरात डॉक्टर अकासियो व्हिएगस यांनी मांडवीत प्लेगचा रोगी ओळखला. मांडवी म्हणजे धान्याच्या वखारींचा गच्च भाग. दाण्यावर उंदीर, उंदरावर पिसू, पिसू माणसावर. तेव्हा कळलं की वखार नुसती दाणा साठवत नाही, नीट बांधली नाही तर मरण पण साठवते. म्हणून उंच जोतं, फरशी, सांधा भरलेला, भिंतीला बीळ नाही. नवरा तिकडं समुद्र बुजवत होता, बायको इकडं नदीकाठी चुना वाहत होती. दोघंही दुसऱ्याच्या धान्यासाठी. घरी कणगी रिकामी.

मजुरी दाण्यात मिळायची. आमच्या घरातल्या पुरुषांची तर वेठच. महारकी वतन म्हणजे सरकारचं आणि गावाचं बोलावणं आलं की निघायचं, बदल्यात बलुतं. बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबई कौन्सिलात या वतनाविरुद्ध बिल मांडलं. कायद्यानं ती वतनं गेली ती १९५८ च्या कायद्यानं. तीस वर्षं. तोवर खळ्यावरचं बलुतं पदरात पडलं तरच चूल.

आणि आता वखारीचा खरा धंदा सांगतो. आषाढात आमच्याकडं दाणा संपायचा. मग वखारीचं दार उघडायचं. दिढीनं धान्य. म्हणजे आज दोन पायल्या न्या, सुगीला तीन आणून घाला. जी ज्वारी आम्ही कापली, मळली, वाहिली, तीच ज्वारी आम्हाला उसनी. सुगीला फेडलं की परत कणगी रिकामी, परत आषाढ, परत दार. १९१८ साली पाऊस गेला आणि वरनं इन्फ्ल्युएन्झाची साथ आली. धान्याचे भाव आभाळाला. म्हातारीचा कडेवरचा पोरगा तोवर वाचला होता, त्याच्या मागची दोन गेली. ती सांगायची, "वखारीला कान लावला तर आत उंदीरबी न्हवता. एवढी भरल्याली." तिला त्या भिंतीची जाडी माहीत होती. हातानं फोडायची म्हटलं तर किती दिवस लागतील हेही तिनं मनात मोजलं असेल. मी मोजले. सहा माणसं, दोन रविवार, आणि जोतं अजून जागेवर.

लोक म्हणतात, गरिबाला बचतीची सवय नाही. मिलमधले बाबूही म्हणतात. माझं म्हणणं, गरिबाला थांबायची जागा नाही. मालकाचा दाणा दोन हात जाडीच्या भिंतीत थांबतो. माझे बारा तास रविवारपर्यंत थांबत नाहीत, शनिवारी उचल घ्यावी लागते. सरकारनं पुढं वखारी काढल्या. १९५७ साली राज्याचं वखार महामंडळ झालं, १९६५ साली भारतीय अन्न महामंडळ. तिथं शेतकऱ्यानं धान्य ठेवावं, पावती घ्यावी, पावतीवर कर्ज मिळावं, भाव येईपर्यंत थांबावं. चांगली योजना आहे. पण पावती त्याला, ज्याच्याकडं ठेवायला पोतं आहे. २०१३ च्या कायद्यानं रेशनचा दाणा हक्काचा झाला. हा हक्क मात्र पेवाच्या तळाचा नाही, एवढा फरक मी मानतो. आजी जे तांदूळ निवडत होती ते रेशनचे.

दुसऱ्या रविवारी संध्याकाळी आम्ही जोत्यापर्यंत आलो. छातीएवढं उंच. गाडी मागं लावली की गाडीची साटी आणि जोतं एका पातळीत, पोतं उचलावं लागत नाही, सरकवायचं. नदीकडची बाजू खाली रुंद, वर निमुळती. पाया किती खोल ते दिसत नव्हतं, पण आजीनं सांगितलं होतं. काठाची काळी माती. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर बांधलं तर भिंत तडकते. म्हणून काळी उपसून मुरूम लागेपर्यंत खणलं. उपसलेली माती बायकांनी डोक्यावरनं टाकली. मग आत दगड, चुना, खडी, मुरूम, चोपून चोपून. वर फरशी.

त्या जोत्याची एक गोष्ट आहे, ती सांगितल्याशिवाय हा लेख पुरा होत नाही.

१२ जुलै १९६१. पानशेत फुटलं, खडकवासला फुटलं. पुण्यात काय झालं ते सगळ्यांना ठाऊक आहे. पण नदी पुण्यात संपत नाही. ते पाणी आमच्याकडं आलं. आजीचं लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं. वस्ती खालच्या अंगाला. पाणी आधी आमच्या घरात. माणसं निघाली. जवळची उंच जागा म्हणजे वखारीचं जोतं. तिथं आधीच गावातली माणसं चढलेली, गुरं बांधलेली. वरनं एकजण ओरडला, "हितं जागा न्हाई, तुमी तिकडं टेकाडाकडं जावा." टेकाडाकडं जायच्या वाटेवर कमरेएवढं पाणी.

सगळे थांबले. सवय असते थांबायची, कुणी ओरडलं की. म्हातारी थांबली नाही. सत्तर वर्षांची बाई. पाठीमागच्या बाजूला एक दगड थोडा बाहेर आलेला होता, तिला माहीत होता. त्यावर पाय देऊन ती वर चढली आणि फरशीवर मांडी घालून बसली. म्हणाली, "ह्या जोत्यात माजी किती पाट्या माती हाय ती मोजा. तेवढी काडा. मंग म्या उतरते."

कुणी काही बोललं नाही. पाणी वाढत होतं, हेही कारण असेल. मग आजी चढली, मग बाकीची. रात्रभर सगळे तिथं होते. आजी सांगते, रात्री कुणीतरी वखार उघडली आणि पोरांना कच्चे शेंगदाणे वाटले. आमच्या पोरांनाही. वरनं टाकले की हातात दिले ते तिला आठवत नाही. मी पुष्कळदा विचारलं. अंधार होता म्हणते.

आमच्या घरच्यांनी १९५६ नंतर दीक्षा घेतली होती. म्हातारीनं घेतली की नाही, मला माहीत नाही. पण त्या रात्री ती जोत्यावर बसली ती माझ्या हिशोबी दीक्षाच.

पाठीमागचा तो बाहेर आलेला दगड मी शोधला. आहे. पाय ठेवायला बरोबर जागा. मुकादमाला म्हणालो, "हा एक मला द्या. सातशे कापा." तो म्हणाला, "अरे दगड नगावर मोजलेत. आणि तू नेऊन करणार काय, एका खोलीत राहतोस." खरं होतं त्याचं. मी गप्प बसलो. थांबलो. खांद्यावरची धूळ झटकली, पैसे घेतले, घरी आलो.

आजी दाराशी बसली होती. नखांत चुना बघून म्हणाली, "आली का भिंत खाली?"

"आली."

"आन् जोतं?"

"ते आमच्यानं निघंना. मंगळवारी जेसीबी आणनार हाईत."

तिनं थोडा वेळ विचार केला. मग म्हणाली, "आणू दे. एका दिसात निघायचं न्हाई ते."

मी मंगळवारी पहिल्या पाळीला होतो. गुरुवारी तिकडनं सायकलवरनं गेलो. जेसीबी उभा होता, त्याचा एक दात तुटला होता. ड्रायव्हर सावलीला बसून डबा खात होता. जोतं निम्मं निघालं होतं. निम्मं होतं.